मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉपने डोळ्याला आराम पडतो, मग बिघडतं कुठे?

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे खाजतात, लाल होतात. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी ड्रॉप लिहून दिला होता. तेव्हापासून आम्ही तोच मेडिकलमधून आणतो आणि दोन दिवसांत डोळे स्वच्छ होतात. शेतात डोळ्यात काही गेलं की सासरेही तोच घालतात. सासूबाईंचा मधावर आणि एरंडेलावर विश्वास आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं तर तालुक्याला जावं लागतं, एकाचा दिवस मोडतो. साध्या गोष्टींसाठी घरीच औषध घातलं तर खरंच एवढं काही बिघडतं का?

उत्तर:

आधी मुलाचं बघू. पुढचं वाचण्याआधी ती बाटली हातात घ्या आणि लेबलावरच्या बारीक अक्षरात औषधाचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एखादं नाव असेल तर तो स्टिरॉइडचा, म्हणजे लाली आणि सूज दाबणाऱ्या औषधाचा, ड्रॉप आहे. बऱ्याचदा हे नाव दुसऱ्या ओळीत असतं. पहिल्या ओळीत मॉक्सिफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल असं अँटिबायोटिकचं नाव असतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की हा नुसता इन्फेक्शनचा ड्रॉप आहे. ब्रँडच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएम’ असं शेपूट असेल तर ते पुष्कळदा डेक्सामेथासोनचं असतं. वाचता आलं नाही तर मेडिकलवाल्यांना सरळ विचारा, ‘यात स्टिरॉइड आहे का?’

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज असा की मुलाला ॲलर्जीचा तो आजार आहे ज्याला आम्ही डोळ्यांचे डॉक्टर व्हर्नल म्हणतो. उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत तो फार दिसतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त, बहुतेक दहा वर्षांच्या आत सुरू होतो आणि वयात येईपर्यंत दर मोसमात उलटतो. मुलगा सतत डोळे चोळतो, उन्हात डोळे उघडत नाहीत, सकाळी कोपऱ्यात चिकट, दोरीसारखी ओढली जाणारी चिपडं येतात. वरची पापणी उलटवून पाहिली तर आतून खडबडीत गाठी दिसतात. या आजारात स्टिरॉइड देतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यात चूक नव्हती. पण ते आठवडा-दोन आठवड्यांसाठी, थेंब कमी करत करत बंद करायचं आणि मधे डोळ्याचं प्रेशर तपासायचं, अशा हिशोबाने देतात. तुमच्या घरी त्यातलं औषध तेवढं राहिलं आणि हिशोब गळून पडला.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. स्टिरॉइडमुळे काही जणांमध्ये ती जाळी तुंबते आणि आतला दाब चढतो. साधारण दाब 10 ते 21 असतो. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातले की ढोबळमानाने तीनातल्या एका माणसाचा दाब थोडाफार वाढतो आणि शंभरातल्या चार-पाच जणांचा तर फारच वाढतो. मुलांमध्ये तो जास्त लवकर वाढू शकतो. वाढलेला हा दाब दुखत नाही. डोळा लाल होत नाही. समोरचं स्पष्ट दिसत राहतं, कारण डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मागची नस कडेकडेने सुकत येते आणि नजरेचा मधला भाग शेवटपर्यंत टिकतो. याला स्टिरॉइडचा काचबिंदू म्हणतात. जोडीला लहान वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदू ऑपरेशनने काढता येतो, सुकलेली नस मात्र कशानेही परत येत नाही.

माझ्याकडे आलेला एक मुलगा सांगतो. वय चौदा. सायकल चालवताना बाजूच्या माणसांना धडकायला लागला म्हणून वडील घेऊन आले. त्यांना वाटलं चष्मा लागला असेल. डोळे पांढरेशुभ्र, एक लालसर रेघ नाही. वडिलांनी अभिमानाने सांगितलं, ‘डोळ्यांची काळजी घेतो साहेब आम्ही, उन्हाळ्यात ड्रॉप चुकत नाही.’ दाब पाहिला तर दोन्ही डोळ्यांत चाळिशीच्या पुढे. बाहुली मोठी करून मागची नस पाहिली. तिचा निरोगी गुलाबी काठ जवळपास संपलेला होता, मधली पांढरी वाटी तेवढी उरलेली. आज तो प्रेशरचे थेंब घालतो, उरलेली नजर सांभाळतो. त्या घरात कुणीही हयगय केली नव्हती. दर उन्हाळ्यात मुलाला आराम पडताना ते बघत होते आणि आराम पडतोय म्हणजे औषध बरोबर आहे, असं समजत होते.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. लाली आणि दुखणं गेलं म्हणजे रोग गेला, हा हिशोब अंगावरच्या इतर दुखण्यांत पुष्कळदा चालून जातो. डोळ्यात तो चालत नाही, कारण स्टिरॉइड लाली आणि दुखणंच आधी घालवतं, रोग कुठलाही असो. ॲलर्जी असो, जंतू असो, बुरशी असो, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांना सारखाच आराम वाटतो.

म्हणून मुलाला या आठवड्यात दाखवा. आज डोळे ठीक दिसत असले तरी दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या आणि जुनी चिठ्ठी पिशवीत घालून न्या, आणि दोन वर्षांत साधारण किती बाटल्या झाल्या ते खरं सांगा. कुणी रागावलं तरी सांगा, कारण पुढची सगळी तपासणी त्या आकड्यावर ठरते. थेंब सध्या चालू असतील तर तेही आधी सांगा, बंद कसे करायचे ते डॉक्टर ठरवतील. ॲलर्जीसाठी ओलोपॅटाडिनसारखे स्टिरॉइड नसलेले थेंब आहेत, जास्त त्रास असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आहे. त्यांचा गुण सावकाश येतो आणि लोक नेमके तिथेच कंटाळतात. घरी करण्यासारखं म्हणजे गार पाण्याच्या घड्या, उन्हात टोपी आणि गॉगल, आणि डोळे चोळू न देणं. हे शेवटचं फार मनावर घ्या. वर्षानुवर्षं चोळून चोळून बुबुळ पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं, मग साध्या चष्म्याने नीट दिसत नाही.

आता सासऱ्यांचं. यांची मला मुलाइतकीच काळजी वाटते.

शेतात डोळ्याला लागतं ते बहुतेक पानाचं किंवा काडीचं असतं. उसाची पात, ज्वारीचं धाट, भाताचं कुसळ, सोयाबीनच्या मळणीतला भुस्सा. उसाच्या पातीची कड हात लावून पाहिलीत तर करवतीसारखी लागते. बुबुळाची समोरची पारदर्शक काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आहे आणि तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्तवाहिन्या नाहीत म्हणूनच ती पारदर्शक आहे, आणि म्हणूनच तिथे जंतू शिरले की अंगातली कुमक उशिरा पोहोचते. वरचा पापुद्रा शाबूत असतो तोवर बहुतेक जंतूंना आत वाट नसते. पात लागली की पापुद्रा खरचटतो आणि त्याच पातीवरची बुरशी त्या जखमेत रुजते. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही तिची दोन नेहमीची नावं. पिकावर, पाचटात, मातीत ती असतेच.

बुरशीची जखम सावकाश वाढते. पहिल्या दिवशी नुसतं सलतं, पाणी येतं. माणूस घरातला ड्रॉप घालतो. त्यात अँटिबायोटिक असतं, पण अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. त्यात स्टिरॉइड असतं, त्याने सलणं आणि लाली कमी होते, आणि जखमेशी लढणाऱ्या पेशीही मागे हटतात. माणूस दोन दिवस समाधानाने कामाला जातो. आठवड्याने आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तेव्हा गावात म्हणतात ‘फूल पडलं’. मग कुणीतरी सांगतं की ड्रॉपचा डोस कमी पडला असेल, दर दोन तासांनी घाल.

असा डोळा माझ्यासमोर येतो तेव्हा आधी बधिर करायचा थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली बोथट पात्याने त्या पांढऱ्या भागाची कड खरवडतो. बुरशीची जखम कोरडी, राखाडी दिसते, तिच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या असतात आणि शेजारी कधी कधी छोटे ठिपके सुटलेले असतात. खरवडलेला कण काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. थोड्या वेळाने पेशी विरघळतात आणि बुरशीचे फाटे फुटलेले धागे तेवढे उरतात. धागे दिसले की नॅटामायसिन सुरू होतं. दुधासारखं दिसणारं, हलवून घालायचं औषध, सुरुवातीला जागेपणी दर तासाला, आणि पुढे कित्येक आठवडे. ऊसतोडीच्या हंगामात आठवडे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एवढं करून जखम भरली तरी व्रण राहतो आणि तो बाहुलीसमोर असेल तर नजर धूसर राहते. काहींना दान आलेल्या डोळ्याचं बुबुळ बसवावं लागतं. काहींचं बुबुळ त्याआधीच फुटतं. देशात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाचं जे राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण बुबुळावरचा पांढरेपणा हे निघालं, 37 टक्क्यांच्या वर. ही कर्ती माणसं असतात.

पण मग गावात काहीच करता येत नाही का? येतं. नेपाळमध्ये भक्तपूर भागात एक काम झालं, 2001 मध्ये ते प्रसिद्ध झालं. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांना शिकवलं की डोळ्याला खरचटलं असेल तर ते रंगाच्या पट्टीने कसं ओळखायचं, आणि त्यावर क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम तीन दिवस लावायचं. दुखापतीनंतर पहिल्या 18 तासांत मलम सुरू झालेल्या एकाही माणसाची जखम पुढे चिघळली नाही. म्हणजे मोठं हॉस्पिटलच लागतं असं नाही. पण त्या मलमात स्टिरॉइड नव्हतं, जखम आहे की नाही हे आधी पाहिलं होतं, आणि वेळ गेला नव्हता. तुमच्या सासऱ्यांना यातलं पहिलं आणि तिसरं आजपासून पाळता येईल, दुसऱ्यासाठी ग्रामीण रुग्णालय आहे, त्याबद्दल खाली सांगतो. आणि उसात शिरताना किंवा मळणीच्या मशीनपाशी उभं राहताना साधा, बाजूने झाकलेला प्लास्टिकचा चष्मा. घाम येतो, धुकं धरतं, दोनदा काढून पुसावा लागतो, तरी घाला म्हणावं.

डोळ्यात कण गेला असेल आणि तो नुसता वर तरंगत असेल तर स्वच्छ पाण्याने धुवून निघतो. धुवूनही सलत राहिलं तर तो एकतर वरच्या पापणीखाली आहे किंवा बुबुळात रुतलाय. पदराच्या टोकाने, काडीने, कुणाच्या जिभेने तो काढायला जाऊ नका. जिभेने कण काढणारी जाणती माणसं काही गावांत अजून आहेत आणि त्यांचा हेतू चांगला असतो, पण तोंडातले जंतू खरचटलेल्या बुबुळावर जातात. सकाळची शिळी लाळ डोळ्यात घालतात, तिथेही हाच धोका.

सासूबाईंचा मध आणि एरंडेल. त्यांना दुखवू नका. त्यांच्या तरुणपणी गावात डॉक्टर नव्हता, खुपऱ्यांनी डोळे जात होते, आणि घरात होतं त्याने त्यांनी लेकरं सांभाळली. पण बरणीतला मध, बाटलीतलं तेल, कांद्याचा रस, झाडपाल्याचा रस, शेळीचं किंवा आईचं दूध यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. धडधाकट डोळ्यात मध गेला तर झोंबतं, भरपूर पाणी येतं आणि त्या पाण्याने कचरा वाहून जातो, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पापुद्रा खरचटलेला असेल तर तोच थेंब जंतूंना घेऊन आत जातो. कुणी म्हणेल, आयुर्वेदात डोळ्यांत औषध घालतातच. घालतात, शालाक्य ही आयुर्वेदाची स्वतंत्र शाखा आहे. पण त्या शाखेचा वैद्यही डोळा तपासल्याशिवाय त्यात काही घालणार नाही, आणि स्वयंपाकघरातल्या बरणीतून तर नाहीच.

एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ पापणीबाहेर लावलं तर फार बिघडत नाही, पण बोटाने बाळाच्या डोळ्याच्या आत भरू नये. बाजारच्या सुरम्यात शिसं असू शकतं, तो मुलांना अजिबात नको. आणि घरात तान्हं बाळ असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पहिल्या महिनाभरात बाळाच्या डोळ्यांतून पू आला, पापण्या सुजल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. अंगावरचं दूध घालून वाट बघायची नाही. प्रसूतीच्या वेळी लागलेले काही जंतू एक-दोन दिवसांत बुबुळ खातात.

डोळे येण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पावसाळा लागला की ते होणारच. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीपासून बुलढाण्यापर्यंत साथ पसरली होती तेव्हा आमच्या भागातही मेडिकलसमोर रांगा लागल्या होत्या. साथीतले डोळे बहुतेक विषाणूने येतात. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आठ-दहा दिवसांत ते आपोआप उतरतात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून चिपडं पुसा, एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावू नका, टॉवेल आणि उशी वेगळी, हात वरचेवर धुवा, मुलाला शाळेत पाठवू नका. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो एवढंच, त्याने साथ थांबत नाही, आणि नुसतं बघण्याने डोळे येतही नाहीत. हातातून आणि टॉवेलातून येतात.

इथेही सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेजाऱ्याला गुण आलेला ड्रॉप आपल्या डोळ्यात घालणं. नागिणीच्या कुळातला हर्पिस नावाचा विषाणू बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी बारीक जखम करतो. बाहेरून तो डोळा ‘आलेल्या’ डोळ्यासारखाच लाल दिसतो. त्यात स्टिरॉइड गेलं की फांदीचा नकाशा होतो, जखम पसरते आणि खोल जाते. साध्या साथीत दोन्ही डोळे बहुधा एकामागोमाग येतात, खाजतात, चिकटतात, पण दिसण्यात फरक पडत नाही. एकच डोळा लाल, उजेड अजिबात सहन होत नाही, आतून दुखतंय, पुसूनही धूसर दिसतंय, असं असेल तर ती साथ नाही असं धरून चाला.

सगळ्यात गंभीर डोळ्यांपैकी एकाचा उपचार मात्र खरोखर घरातच सुरू व्हायला हवा. चुना. तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, तो वर थांबत नाही, आत झिरपत जातो. अशा वेळी रिक्षा शोधू नका, डॉक्टरांना फोन करत बसू नका. मुलाला नळाखाली धरा किंवा आडवं झोपवून तांब्याने पाण्याची धार सोडा, पापण्या दोन बोटांनी फाकवून, निदान अर्धा तास. मूल किंचाळेल, धरून ठेवा. पांढरे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापसाने, वरची पापणी उलटवता आली तर तिच्या आतूनही काढा. पिण्याचं पाणी असलं तर उत्तम, नसलं तर जे स्वच्छ मिळेल ते. दूध नको, तूप नको, ‘चुन्यावर उतारा’ म्हणून लिंबू तर मुळीच नको. धुऊन झाल्यावर निघा आणि शक्य असेल तर वाटेतही धूत राहा. या पहिल्या अर्ध्या तासात आई जे करते त्याची बरोबरी नंतर कुठलंही हॉस्पिटल करू शकत नाही. शक्यतो चुन्याची ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका. ॲसिड, फरशीचं क्लीनर, फवारणीचं औषध, बॅटरीचं पाणी, सगळ्यांना हाच नियम.

तुमच्याकडे कुणी एमआयडीसीत किंवा वर्कशॉपमध्ये असेल तर त्यांच्यासाठी थोडं. काच न धरता वेल्डिंग केलं की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि झोप येत नाही. काही ठिकाणी कामगार यासाठी बधिर करणारा ड्रॉप खिशात ठेवतात, कारण तो थेंब पडला की मिनिटभरात दुखणं थांबतं. आम्ही तो तपासणीपुरता एकदा वापरतो. तोच दिवसातून अनेकदा घातला तर पापुद्रा भरून यायचं थांबतं आणि बुबुळ वितळत जातं. वेल्डिंगचा डोळा एरवी एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. गार घड्या, वेदनेची साधी गोळी आणि अंधारी खोली एवढं बस्स. ग्राइंडरचा कण मात्र वेगळा. तो रुततो, गंजतो, त्याच्याभोवती तांबूस कडं धरतं. सोबत्याने ब्लेडच्या टोकाने तो काढू नये.

आणि एक दुखणं असं की जे डोळ्याचं आहे हेच घरात कळत नाही. पन्नाशीच्या पुढची बाई, संध्याकाळी एका बाजूचं डोकं जबर दुखतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात पित्त झालं. आल्याचा रस, गोळी, झोप. डोळा लाल आहे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, त्या डोळ्याने धूसर दिसतं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. हा अचानक चढलेल्या दाबाचा काचबिंदू असू शकतो आणि त्यात दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. डोकेदुखी आणि उलटीबरोबर डोळा लाल दिसला तर रात्र असली तरी निघा.

आता मोडणाऱ्या दिवसाबद्दल. हा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो. रोजंदारी बुडते, एसटीची वेळ, रांग, आणि वर डॉक्टर दोन मिनिटं बघून ‘काही नाही’ म्हणतो. त्यामुळेच माणूस मेडिकलकडे वळतो. आमच्या धंद्यातल्या लोकांवरही याची जबाबदारी आहे. स्टिरॉइडचा ड्रॉप लिहिताना चिठ्ठीवर ‘अमुक तारखेला बंद’ असं मराठीत लिहिलं नाही तर पेशंट तो वर्षभर घालणार, हे आम्हाला माहीत असायला हवं. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडचे ड्रॉप चिठ्ठीशिवाय देऊ नयेत हा कायदा आहे, पाकिटावर लाल रेघ त्यासाठीच असते, तरी ते काउंटरवर सहज मिळतात. मागणारा ओळखीचा, मेडिकलवाला गावातला, नाही म्हणणं त्यालाही जड जातं. म्हणून तुम्हीच मागताना म्हणा, ‘स्टिरॉइड नसलेला द्या.’

दिवस न मोडता चालेल अशाही बऱ्याच गोष्टी आहेत. रांजणवाडी आली तर कोमट पाण्याचा शेक दिवसातून तीन-चार वेळा, दाबून पू काढायचा नाही, बहुतेक आठवड्यात जाते. वारंवार येत असेल तर साखर तपासा. मोबाइल आणि कॉम्प्युटरमुळे चुरचुरत असेल तर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे कृत्रिम अश्रूंचे थेंब घ्यायला हरकत नाही. डोळे पांढरे करणारे जाहिरातीतले थेंब मात्र घेऊ नका, ते रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात आणि असर उतरला की लाली आधीपेक्षा जास्त येते. डोळ्यात एखादी शीर फुटून लालभडक डाग पडतो, दिसायला भयंकर, पण दुखत नाही आणि दिसण्यात फरक नाही. मार लागलेला नसेल तर तो दोन आठवड्यांत जिरतो, एकदा रक्तदाब बघून घ्या. कुठलीही बाटली फोडल्यावर एक महिन्याने टाकून द्या, पाव भरलेली असली तरी. फोडली ती तारीख पेनाने तिच्यावरच लिहा. एका बाटलीचा एकच माणूस.

थांबायचं की निघायचं हे ठरवायला घरात एक तपासणी करता येते. कॅलेंडर भिंतीवर आहे तिथून ठरावीक अंतरावर उभं राहा, एक डोळा तळहाताने झाका आणि तारखा वाचा, मग दुसरा. चष्मा असेल तर लावूनच. दुखऱ्या डोळ्याने नेहमीपेक्षा कमी दिसत असेल तर घरचं कुठलंही औषध न घालता निघायचं. बुबुळावर पांढरं दिसलं, उजेड सहन होईना, पात किंवा काडी लागली आणि दुसऱ्या दिवशीही सलतंय, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखायला लागला, किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, तरीही निघायचं. डोळ्याला जोराचा मार किंवा टोकदार वस्तू लागली असेल तर धुवायचंही नाही, दाबायचंही नाही, वर स्टीलची छोटी वाटी उपडी धरून चिकटपट्टी लावायची आणि थेट जिल्ह्याचं रुग्णालय गाठायचं.

बाकी वेळी दरवेळेला तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातच जायला हवं असं नाही. बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, ते रंगाची पट्टी लावून बुबुळाला जखम आहे का हे सांगू शकतात आणि बऱ्याच ठिकाणी प्रेशरही मोजतात. ते कोणत्या वारी बसतात हे आशाताईंना विचारून ठेवा आणि तुमच्या गावाच्या उपकेंद्राच्या भिंतीवर ते वार लिहून लावायला सांगा.